मदत हवी आहे: मृगाआधी स्लॅबचे नमुने घ्यायचे आहेत. लवाद कायद्याचं कलम 9 की ग्राहक आयोग?

नमस्कार. मी रत्नागिरीत दिवाणी वकिली करते. आजवर वाटपाचे दावे, वहिवाट, कूळकायदा एवढंच केलं. बांधकामाचा वाद पहिल्यांदाच आला आहे, म्हणून जाणत्यांना विचारते.

अशील निवृत्त शिक्षक दांपत्य. गुहागर तालुक्यात खाडीजवळ स्वतःच्या जागेत घर बांधायला घेतलं, काम मालासकट ठेक्याने. 31 लाख देऊन झाले. स्लॅब टाकून झाल्यावर ठेकेदाराने जादा कामाचं 6 लाखांचं बिल पुढे केलं आणि माणसं काढून घेतली. जादा कामाला लेखी मंजुरी नाही, दोघांच्या समक्ष मोजमाप झालेलं नाही. पैशांचं भांडण मी लढेन. झोप उडवली आहे ती स्लॅबने. तुळयांच्या खालच्या अंगाला तांबूस डाग फुटलेत, आणि गावात सगळे सांगतात की वाळू खाडीची होती, न धुताच वापरली. आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे सळईच्या काँक्रीटमध्ये क्लोराइड, म्हणजे मिठातला सळया गंजवणारा घटक, घनमीटरला 0.6 किलोच्या आत हवं. ते आत्ताच तपासायला हवं. खांबांच्या सळया वर उघड्या आहेत. एकदा पाऊस लागला की समोरचा म्हणणार, गंज पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने धरला.

करारात लवादाचं कलम आहे आणि लवाद म्हणून ठेकेदाराच्याच पगारी इंजिनिअरचं नाव. लवाद कायद्याच्या कलम 12(5) पुढे ते टिकणार नाही, कारण पक्षकाराचा नोकर लवाद होऊ शकत नाही; पण मग दुसऱ्या लवादाच्या नेमणुकीसाठी कलम 11 खाली उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच गाठावं लागेल. रेराचा (बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीच्या कायद्याचा) प्रश्न नाही, घर स्वतःच्याच जागेत आहे.

कलम 9 खाली जिल्हा न्यायालय पाहणीचा आणि नमुने घेण्याचा आदेश देऊ शकतं, मला नेमकं तेच हवंय. पण आदेशानंतर 90 दिवसांत लवाद सुरू करावा लागतो, आणि लवादाची फी या दोघांना झेपणारी नाही. जिल्हा ग्राहक आयोग स्वस्त. दिलेली रक्कम 50 लाखांच्या आत आहे, आणि लवादाचं कलम आड येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलंय. तिथे ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38(8) खाली अंतरिम आदेश मागता येतो. तो पावसाआधी मिळेल का, हीच धाकधूक.

कलम 9 चा आदेश घेऊन नंतर आयोगात गेलं, तर "तुम्हीच लवाद निवडलात" हा आक्षेप कुणाला आलाय का? कसा परतवला? की ठेकेदाराला रजिस्टर्ड नोटीस देऊन, तारीख कळवून, खासगी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पंचांसमक्ष नमुने घेतले तर आयोग तो अहवाल मानतो? किमान 3 कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले गोल नमुने) काढावे लागतील. चिपळूण-गुहागर पट्ट्यात कोअर काढायचं मशीन घेऊन येणारं आणि नंतर साक्षीला उभं राहणारं कुणी माहीत असेल तर व्यनि करा. मृगाला 19 दिवस उरलेत.