प्रबोधनकाळातलं इंग्रजी साहित्य आणि बोलता वर्ग: तुमचे अनुभव सांगा

हायस्कूलच्या वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी हा धागा आहे, आणि कधीकाळी त्या बाकांवर बसलेल्यांसाठीही. प्रश्न नेमका आहे. सोळाव्या शतकातल्या वायट आणि सरे या कवींच्या सुनीतांपासून (चौदा ओळींच्या कवितांपासून) नाटककार मार्लो, शेक्सपिअर आणि निबंधकार बेकनपर्यंतचं साहित्य वर्गात पहिल्यांदा आणलं तेव्हा मुलं बोलती कशी झाली? किंवा का झाली नाहीत?

विषय जुना म्हणून मुलं गप्प बसतात, असं सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. सुरुवातीचे तीन-चार तास त्यांच्या हाती बोलण्यासारखं काही पडतच नाही. सनावळी, राजे-राण्या, मानवतावादाची व्याख्या, यावर कोण काय बोलणार? खरं तर हे साहित्य उत्तराची वाट बघणारं आहे. तिथे कवितेला कविता उत्तर देते, रंगमंचावरचं पात्र थेट प्रेक्षकांशी बोलतं. त्या काळच्या शाळांत एकाच प्रश्नाच्या दोन्ही बाजू मुलांकडून मांडून घेत. इरॅस्मस या डच विद्वानाने १५१२ च्या पाठ्यपुस्तकात 'तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला' हे एकच वाक्य शंभराहून अधिक तऱ्हांनी लिहून दाखवलं आहे. अशा शाळांतून तयार झालेल्या लेखकांना आपण मान खाली घालून वहीत उतरवून घेण्याचा विषय करतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्यापासून सुरुवात करते. मी पहिल्या तासाला मार्लोची मेंढपाळाची कविता घेते. 'माझ्याकडे राहायला ये' म्हणत तो प्रेयसीला गुलाबांची शेज, लोकरीचा झगा, सोन्याच्या बकलांच्या सपाता असं काय काय देऊ करतो. कविता दोनदा मोठ्याने वाचायची, कागद पालथा घालायचा आणि प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच ओळ लिहायची: हे निमंत्रण तुम्हाला आलं असतं तर काय कळवलं असतं? नाव घालायचं नाही, भाषा कुठलीही चालेल. चिठ्ठ्या मी वाचते. 'थंडीत काय करायचं?' 'मेंढपाळाकडे सोनं कुठून आलं?' 'फुलं सुकल्यावर?' एका मुलीने लिहिलं होतं, 'तो काय देणार ते कळलं, तो कसा आहे ते कुठे कळलं?'

मग त्याच काळातल्या वॉल्टर रॅलेच्या नावावर असलेली उत्तराची कविता वाटायची. त्यातली तरुणी जवळजवळ हेच म्हणते: नद्या खवळतात, खडक गार पडतात, तुझे झगे नि फुलं लवकरच विरतील-सुकतील, आणि मेंढपाळाच्या जिभेवर सत्य असतं तर गोष्ट वेगळी होती. आपलीच हरकत कुणीतरी चार शतकांपूर्वी यमकात बांधून ठेवली आहे, हे दिसल्यावर वर्गाचा सूर बदलतो. दोन्ही कविता १६०० सालच्या 'इंग्लंड्स हेलिकन' या संग्रहात आहेत. हे साल मी तेव्हा सांगते, कारण तेव्हा ते कुणालातरी हवं असतं.

आता तुम्ही सांगा.

नाटक बसवणारे शिक्षक

मी सुट्या भूमिकांचे कागद वाटतो. शेक्सपिअरच्या काळात नटाला अख्खं नाटक मिळत नसे. हाताने नकला करणं वेळखाऊ होतं, त्यामुळे त्याच्या हाती फक्त त्याची वाक्यं आणि प्रत्येकाआधी समोरच्याचे शेवटचे दोन-चार शब्द एवढंच यायचं. एडवर्ड ॲलन या नटाची, रॉबर्ट ग्रीनच्या नाटकातल्या ऑर्लँडोच्या भूमिकेची अशी संहिता लंडनच्या डलिच कॉलेजमध्ये अजून जपून ठेवलेली आहे.

यासाठी 'हॅम्लेट'ची सुरुवात फार चांगली. मध्यरात्र, किल्ल्यावरचा पहारा. वाक्यं तीन-चार शब्दांची, त्यामुळे इंग्रजीची धास्ती असलेलं मूलही पुढे येतं. आपली पाळी कधी येणार हे कागदावर लिहिलेलं नसतं, म्हणून प्रत्येकाला कान देऊन ऐकावंच लागतं. कुणी बोलत असताना बाकीचे पानं चाळत बसतात, हा नेहमीचा प्रकार आपोआप थांबतो.

एका वर्गात बर्नार्डो झालेल्या मुलाने 'कोण आहे तिकडे?' म्हणून हाक दिली आणि तो थबकला. म्हणाला, 'सर, पहाऱ्यावर तर फ्रान्सिस्को आहे. मी पाळी बदलायला आलोय. मग मी का विचारतोय?' मी उत्तर दिलं नाही, वर्गालाच विचारलं. 'तो घाबरलाय.' 'त्याने आधी काहीतरी पाहिलंय.' 'अंधारात कुणी कुणाला ओळखत नाहीये.' मग मी एवढंच सांगितलं की ग्लोबसारख्या उघड्या नाट्यगृहात खेळ दुपारी, लख्ख उजेडात होत. अंधार दाखवायला दिवे नव्हते, होती ती एवढीच वाक्यं. पुढच्या वाचनात फ्रान्सिस्कोने 'कडाक्याची थंडी आहे, आणि माझ्या जिवाला बरं वाटत नाही' हे वाक्य इतकं हळू म्हटलं की मागच्या बाकावरची मुलं पुढे झुकली.

माजी विद्यार्थिनी

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. मी वर्गात न बोलणारी मुलगी होते. मला साहित्य आवडायचं, वाचलेलं कळायचं, पण अचानक नाव पुकारलं गेलं की डोकं रिकामं व्हायचं. 'सहभाग' म्हणजे मोठ्याने बोलणं असं धरून चालणारे शिक्षक मला भेटले आहेत, आणि त्यांच्या तासाला मी फक्त 'आता माझा नंबर लागेल का' याच विचारात असायचे.

एका बाईंनी तीन गोष्टी केल्या. दुसऱ्या दिवशीचा प्रश्न आदल्या दिवशी फळ्यावर लिहून ठेवायच्या. वर्गात आधी शेजारणीशी बोलायला वेळ द्यायच्या. आणि एक वही ठेवायला सांगितली होती, वाचताना अडलेली किंवा आवडलेली ओळ तीत उतरवायची आणि खाली आपलं एखादं वाक्य लिहायचं. प्रबोधनकाळातली शिकलेली माणसं अशीच वही बाळगत, हे त्यांनीच सांगितलं. माझ्या वहीत समासात त्या प्रश्न विचारायच्या, मी खाली उत्तर लिहायचे. बेकनच्या अभ्यासावरच्या निबंधातलं 'काही पुस्तकं नुसती चाखायची, काही गिळायची, थोडी चावून पचवायची' हे वाक्य मी उतरवलं होतं. खाली त्यांनी लिहिलं, 'हे पुस्तक कुठल्या गटात, हे कोण ठरवणार?' त्यावर मी दोन पानं लिहिली. वर्गात त्या दिवशीही मी एक अक्षर बोलले नव्हते. मी सहभागी नव्हते असं कुणी म्हणू नये.

शिक्षक-प्रशिक्षक

वरच्या अनुभवाला जोडून. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरही थांबत नाहीत, हे मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात, असंही तिला आढळलं. तिचा अभ्यास विज्ञानाच्या तासांवरचा होता. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तर आधी वाक्याचा अन्वय लावायचा असतो, तेव्हा तीन सेकंद मला कमीच वाटतात. मनात सावकाश दहा मोजा.

निवृत्त शिक्षिका

पार्श्वभूमी आधी नको, हे मला पूर्ण मान्य नाही. छापखाना, धर्मसुधारणा, नव्याने सापडलेले भूप्रदेश हे माहीत नसेल तर मार्लोच्या 'डॉक्टर फॉस्टस' या नाटकातली, सैतानाला आत्मा विकणाऱ्या विद्वानाची ज्ञानाची हाव मुलांना कळणार कशी? माझ्या मते ती सांगण्याऐवजी दाखवावी.

मी हान्स होल्बाइनचं १५३३ सालचं 'द अँबॅसेडर्स' हे चित्र मोठं करून लावायची आणि पाच मिनिटं काही बोलायची नाही. फक्त 'काय काय दिसतं ते सांगा.' यात चूक-बरोबर नसल्यामुळे पहिला हात वर जायला वेळ लागत नाही. दोन तरुण, भारी कपडे. मधल्या मांडणीवर वरच्या फळीत तारांगणाचा गोल, सूर्यावरून वेळ सांगणारी यंत्रं. खालच्या फळीत पृथ्वीचा गोल, अंकगणिताचं पुस्तक, भजनांचं पुस्तक, ल्यूट नावाचं तंतुवाद्य. कुणाची तरी नजर तीक्ष्ण असतेच: 'बाई, त्याची एक तार तुटलीय!' डाव्या कोपऱ्यात पडद्याआड अर्धवट दिसणारा क्रूस शोधायला मात्र वेळ लागायचा. एकाच्या खंजिराच्या म्यानावर २९ आणि दुसऱ्याच्या कोपराखालच्या पुस्तकावर २५ असं वय लिहिलेलं आहे, हे सांगितल्यावर मुलं चपापत. त्यांना ती माणसं पन्नाशीची वाटलेली असत.

आणि पुढ्यात जमिनीवर तो तिरका, करडा पट्टा. 'डाग पडलाय', 'मासा आहे' असे तर्क चालत. मग एकेकाला उजवीकडे भिंतीलगत उभं करून कडेने बघायला सांगायचं. कवटी दिसली की त्या मुलाचा चेहराच सांगायचा. पण दुसऱ्याला सांगायचं नाही असा नियम होता, म्हणून अख्खा वर्ग रांगेत यायचा.

एवढं झाल्यावर फॉस्टसचं पहिलं स्वगत. तो आपल्या अभ्यासिकेत तर्कशास्त्र, वैद्यक, कायदा, धर्मशास्त्र एकेक हातात घेतो नि बाजूला सारतो. यांपैकी काहीच त्याला पुरत नाही. 'त्याच्यासमोर तीच मांडणी आहे,' एक मुलगा म्हणाला होता, 'पण तो कडेने बघतच नाहीये.' व्याख्यान देऊन हे वाक्य मला मिळालं नसतं.

इंग्रजीचे शिक्षक, मोठा वर्ग

साठ मुलं असली की गट पाडणं कठीण जातं. मी अख्ख्या वर्गाला जमाव करतो. शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर', तिसरा अंक, दुसरा प्रवेश: सीझरचा खून झालाय, खुनात सामील असलेला ब्रूटस आणि सीझरचा मित्र अँटनी लोकांपुढे बोलतात. एक ब्रूटस, एक अँटनी, बाकी सगळे रोमन नागरिक. ब्रूटसचं गद्य भाषण संपलं की जमावाने मनापासून त्याच्या बाजूने ओरडायचं. मग अँटनी. 'ब्रूटस सन्माननीय माणूस आहे' हे वाक्य प्रत्येक वेळी आलं की जमावाने आपल्याला काय वाटतं ते फक्त आवाजाने दाखवायचं. पहिल्यांदा होकार, पुढे कुजबूज, शेवटी संताप. मृत्युपत्राचा उल्लेख करून अँटनी ते वाचायचं टाळतो, तिथे मुलं खरोखर 'वाचा, वाचा' म्हणायला लागतात.

यात एक धोका आहे आणि तो टाळू नये. आवाज टिपेला पोचला असतानाच मी लगेच पुढचा छोटा प्रवेश वाचायला घेतो. तिथे हाच जमाव सिन्ना नावाच्या कवीला पकडतो. कटात याच नावाचा दुसरा माणूस होता. 'मी कवी सिन्ना आहे' असं तो सांगतो, तर त्याच्या वाईट कवितांसाठी त्याला फाडा, म्हणून ओरडतात. वर्ग एकदम थंड होतो. मग लिहायला सांगतो: 'तुम्ही नेमक्या कुठल्या ओळीला ब्रूटसची बाजू सोडली?' प्रत्येकाला संहितेत बोट ठेवून ओळ दाखवावी लागते. परीक्षेच्या दृष्टीने विचाराल तर वक्तृत्वावरचा प्रश्न तिथेच शिकवून झालेला असतो.

शिक्षिका

सुनीताची रचना सांगत बसू नका. शेक्सपिअरच्या १३० व्या सुनीताच्या चौदा ओळी कापून पाकिटात घाला, चौघांत एक पाकीट. मुलं यमकं जुळवत जुळवत तीन चौकड्या आणि शेवटचं जोडकं स्वतः शोधतात. शेवटच्या दोन ओळींवरून भांडणं होतात, होऊ द्यावीत.

इंग्रजीच्या शिक्षिका

मला आठवणारा सर्वांत जिवंत तास एका तक्रारीतून आला. 'यादीत एकही बाई का नाही?' असं एका मुलीने विचारलं. पुढच्या तासाला मी शेक्सपिअरच्याच काळातली कवयित्री एमिलिया लॅनियर आणली. १६११ साली तिचं पुस्तक छापून आलं. त्यात येशूला शिक्षा देणाऱ्या पिलात या रोमन सुभेदाराची बायको बायबलमधल्या पहिल्या स्त्रीची, ईव्हची बाजू मांडते: ईव्हने फळ खाल्लं ते ज्ञानाच्या ओढीने, कुणाचं वाईट करायला नाही. ॲडम बलवान होता ना, मग नाही म्हणण्याची जबाबदारी जास्त कुणाची?

वर्गाचे दोन भाग केले, खटला उभा केला. अर्ध्या तासाने बाजू बदलायला लावल्या. तावातावाने ॲडमचा बचाव करणाऱ्या मुलाला आता ईव्हची वकिली करायची होती, आणि लॅनियरने वापरला नसावा असं वाटणारा एक मुद्दा त्याने स्वतःहून काढला: मनाईची आज्ञा ॲडमला थेट मिळाली होती, तेव्हा ईव्ह निर्माणच झालेली नव्हती. एका मुलीने त्याला तिथल्या तिथे थांबवलं. 'हा तिचाच मुद्दा आहे, खाली वाच.' खरंच होता. आज्ञा ॲडमला देवाच्या तोंडून मिळाली होती, हे लॅनियरने सांगून ठेवलंय. मी वाचताना त्या ओळी वेगळ्या काढून दाखवल्या नव्हत्या, मुलांनी त्या स्वतः गाठल्या.

नवीन शिक्षक

सगळं वाचून काढलं. येत्या सोमवारी माझा या घटकाचा पहिलाच तास आहे, चाळीस मिनिटांचा. वर्ग फार अबोल आहे. वरचं सगळं एकदम जमणार नाही. कुठून सुरुवात करू?

धागा सुरू करणारी शिक्षिका

मार्लो आणि रॅले, एवढंच घ्या. वाचन दहा मिनिटं, चिठ्ठ्यांना पाच, चिठ्ठ्या मोठ्याने वाचायला दहा. उत्तराची कविता उरलेल्या वेळात. पुरी झाली नाही तरी चालेल. चिठ्ठ्या वाचताना एकही गाळू नका, अगदी 'मला कविता आवडली नाही' अशी असली तरी, आणि त्यावर स्वतः काही बोलायच्या आधी थोडं थांबा. मंगळवारी त्या बरोबर घेऊन जा. रॅलेच्या कुठल्या कडव्याशेजारी कुठली चिठ्ठी बसते ते मुलांना ठरवू द्या, आणि काय झालं ते इथे लिहा.