जुनी वाचनाची पुस्तकं पोरांना परत द्यावी का?

अमळनेरचा भाऊ: दिवाळीत माळा आवरताना माझी अंकलिपी आणि दुसरीचं बालभारती सापडलं, कव्हर उंदरांनी कुरतडलेलं, आतलं शाबूत. पुतण्या इंग्रजी मिडियमला, मराठी वाचताना रडायचा. त्याला आधी घर, नळ, मगर असे बिनकान्याचे शब्द, मग काना, मग वेलांटी असं पंधरा दिवस घेतलं तर पोरगं दुकानांच्या पाट्या वाचायला लागलं ना भो! वर धड्याधड्यात संस्कार, खोटं बोलू नको, मुक्या जनावराला मारू नको. तीच पुस्तकं परत आणा.

शहाद्याचे गुरुजी: बिनकान्याचं मान्य, ते आम्ही आजही घेतो. पण अ अननसाचा म्हणताना माझ्या पहिलीत एकानेही अननस बघितलेलं नव्हतं, पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात, त्यांना मराठीच अर्धी परकी. अक्षरंही आम्ही क ख ग अशी ओळीने घेत नाही, ग म भ न घेतो, एका अक्षराचं वळण बसलं की बाकीच्या अक्षरांना हात आपोआप वळतो. बालभारती संस्था 1967 ची, तेव्हापासून ज्याला विचाराल तो म्हणतो आमच्याच वेळचं पुस्तक भारी.

यावलची ताई: आमच्या दारात केळीचे घड आणि शिकलो अननस, खरंय 😄 पण मला संस्कारांचं बोलायचंय. चौथीत खरं बोलण्याचा धडा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी खरं सांगितलं की गृहपाठ केला नाही, मायसोबत कापूस वेचायला गेले होते. हातावर दोन छड्या. धडा शिकवणारे आणि छडी मारणारे एकच मास्तर. त्यानंतर वर्षभर माझं पोट दुखायचं.

अमळनेरचा भाऊ: ताई, ती चूक मास्तरची, पुस्तकाची कशी काय? आमच्या प्रताप हायस्कूलात साने गुरुजी शिकवायचे, पोरांसाठी 'विद्यार्थी' मासिक काढायचे, म्हणजे वाचायला चांगलं दिलं पाहिजे हे त्यांनाही पटलेलंच होतं ना.

शहाद्याचे गुरुजी: आणि छात्रालयात पोरांसोबत राह्यचे, ते विसरले का तुम्ही? नुसतं मासिक हातात देऊन घरी नाही गेले.

यावलची ताई: आसोद्याच्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचताच येत नव्हतं, त्यांना कुठल्या धड्याने घडवलं?

अमळनेरचा भाऊ: पण त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, त्यांच्या कविता लिहून घेतल्या म्हणून आज तुम्हाला माहीत ना! बरं, संस्कारांचं ऱ्हाऊ द्या. अंकलिपीची झेरॉक्स कोणाला पाहिजे?

शहाद्याचे गुरुजी: एक मला पाठवा. अननसाच्या पानावर मी आंबा चिकटवून घेईन.