टूजी बंद करायचं म्हणता, मग विहिरीवरच्या मोटरीचं काय?

केळीबाग_रावेर:
फाईव्हजी आलं १ ऑक्टोबर २०२२ ला, तेव्हापासून ‘आता टूजी, म्हणजे ते जुनं मोबाईल नेटवर्क, गुंडाळा’ हे सारखं ऐकतोय. २०२० मध्ये देशातल्या पहिल्या मोबाईल कॉलला २५ वर्षं झाली तेव्हा मुकेश अंबानी पण म्हणाले होते की ३० कोटी लोक अजून टूजीत अडकलेत. माझं मत एकदम उलट आहे, टूजी इतक्यात बंद करू नका. टूजी काय फक्त म्हाताऱ्या माणसांच्या बटणाच्या फोनमध्ये नाहीये भो, ते माझ्या विहिरीवरच्या पेटीत पण आहे. मोबाईल स्टार्टरमध्ये टूजीचं सिम आहे. थ्री फेज लाईट रात्री साडेबाराला येते, स्टार्टर स्वतः मला फोन करतो, मी १ दाबतो, मोटर चालू, केळीच्या ठिबकला पाणी. आधी वडील बॅटरी घेऊन बांधावरून जायचे, सापाची भीती, आता बिबट्याची पण, आणि माय दारात बसून राहायची, ‘मोटर चालू व्हयनी का?’ विचारत. ते दिवस मला परत नको.

टॉवरवाला_धुळे:
भाऊ काळजी पटते, पण टूजी ठेवणं हा उपाय नाही. मी टॉवरच्या कामातच आहे. टूजी म्हणजे १९९१ ला फिनलंडमध्ये सुरू झालेली गोष्ट, त्यात फोनला टॉवरकडे ओळख पटवावी लागते पण टॉवर खरा की खोटा हे फोनला कळतच नाही, म्हणून नकली टॉवर लावून फसवता येतं. थ्रीजीपासून ओळख दोन्हीकडून तपासतात. दुसरं म्हणजे टूजी ज्या ९०० मेगाहर्ट्झच्या पट्टीवर चालतं तिथली लाट लांब जाते, भिंतीतून आत शिरते. खेड्यात फोरजीला नेमकी हीच पट्टी पाहिजे!! तिथे टूजी पसरून बसलंय म्हणून फोरजीला जागा कमी पडते आणि मग रेंज नाही म्हणून आपणच ओरडतो.

सेविका_धडगाव:
मी अंगणवाडीत आहे, टॉवरवाल्या दादांचं बरोबर वाटतं. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये रोजची हजेरी, मुलांची वजनं भरायची असतात. टूजीवर ते गोल फिरतच राहतं. मी फोन घेऊन शाळेच्या मागच्या टेकडीवर चढते, तिथे रेंजच्या दोन कांड्या येतात, पावसाळ्यात छत्री, रजिस्टर आणि फोन एकदम सांभाळायचं म्हणजे काय ते करून बघा एकदा. आम्हाला टूजीचं काय करायचं?

केळीबाग_रावेर:
ताई तुमचं खरं आहे, डेटा तुम्हाला मिळालाच पाहिजे. पण एक लक्षात घ्या, थ्रीजीचा लिलाव २०१० ला झाला आणि दहा वर्षांत कंपन्यांनी ते आवरायला पण घेतलं, तेव्हा बोलणं कुणाचं तुटलं नाही, कारण खाली टूजी होतं, फोन त्याच्यावर उतरायचा. टूजी गेलं की खाली काहीच नाही. फोरजीत आवाज पण डेटातूनच जातो, फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे फोरजीवरून बोलायची सोय, नसेल तर कॉल लागणारच नाही. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल आणि घरात बटणाचाच फोन असेल तर?

टॉवरवाला_धुळे:
व्होल्टीचे बटणाचे फोन २०१७ पासून मिळतात, जिओफोन आला तेव्हा १५०० रुपये अनामत होती. फोरजीचे स्टार्टर पण बाजारात आहेत.

कापूस_चोपडा:
बाजारात आहेत हो, पैसे कोण देणार? कापसाला भाव मिळेना. टूजी बंद करून जी पट्टी मोकळी होईल ती कंपनीच वापरणार ना, मग जुना स्टार्टर घेऊन नवीन द्यायचा खर्च पण त्यांनीच करावा. तोपर्यंत बंद करायचं नाव नको.

टॉवरवाला_धुळे:
हे मात्र मान्य. आधी बदलून द्या, मग बंद करा, याला माझा विरोध नाही.

केळीबाग_रावेर:
मग आपलं भांडण अर्धं मिटलं. पण फोरजीचा स्टार्टर एका कांडीवर टिकतो का? माझी विहीर पाल गावाच्या रस्त्याला आहे, डोंगराच्या आडोशाला.

टॉवरवाला_धुळे:
पेटी लोखंडी असेल तर अँटेना बाहेर काढा, आत ठेवली तर कुठलाच जी चालणार नाही. माझ्याकडे एक फोरजीचा पडलाय, रविवारी घेऊन येतो, तुमच्याच मोटरीवर लावून बघू.

केळीबाग_रावेर:
या. पण रात्रीच्या लाईटीला थांबावं लागेल, दिवसा लावून काही कळायचं नाही.