कसारा घाट उतरताना ब्रेक कमी पडतो आणि गाडी डावीकडे ओढते

प्रश्न (पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक)
आमची दहाचाकी गाडी कांदा भरून वाशीच्या बाजारात जाते. कसारा घाटाच्या सुरुवातीला ब्रेक नीट लागतो. परंतु अर्धा घाट उतरेपर्यंत पेडल तेवढेच दाबूनही गाडी आवरत नाही, लायनर (चाकाच्या ड्रमवर घासून चाक थांबवणारे ब्रेकचे अस्तर) जळाल्याचा वास येतो आणि ब्रेक लावताच गाडी डावीकडे ओढते. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी ब्रेकच्या टाकीतील हवाही बरीच उतरलेली असते. स्लॅक अ‍ॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधील अंतर जुळवणारे लीव्हर) हाताने जुळवण्याचे आहेत. सर्व लायनर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. त्याआधी काय तपासावे?

उत्तर (आडगाव नाका, नाशिक)
दादा, वास ज्या चाकाला येतो तेच चाक दोषी असते असे नाही. एका चाकाचा ब्रेक कमी पकडत असेल, तर त्याचा भार उरलेल्या चाकांवर पडतो आणि चांगले लायनरच जळू लागतात. त्यातच तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, बूस्टरच्या (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या चाकाजवळच्या डब्याच्या) दांड्याला स्लॅक अधिक अंतर ढकलावा लागतो आणि थंड गाडीवर ठीक वाटलेली जुळवणी उतारावर अपुरी पडते.

म्हणून गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावा, टाकी हवेने भरल्यावर इंजिन बंद करून पार्किंग ब्रेक सोडा आणि प्रत्येक स्लॅक हाताने जोर लावून ओढून पाहा. दांडा जोडला आहे तिथे तो सुमारे २५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला, तर जुळवणी करावी लागेल. गाडी डावीकडे ओढते, त्यामुळे पुढचे उजवे चाक विशेष काळजीने पाहा. घाटात उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, हेही चालकाला आवर्जून सांगा.

प्रश्नकर्ता
उजव्या पुढच्या ड्रमच्या मागे ग्रीसचे ओघळ आहेत. हवा एरवी हळूहळू उतरते, पेडल दाबून धरल्यावर मात्र भराभर उतरते.

उत्तर (अंबड, नाशिक)
ओढ कशामुळे आहे ते आता स्पष्ट झाले. ग्रीस प्यायलेला लायनर पुसून पुन्हा बसवू नका. हबचे (चाकाच्या मध्यभागाचे) ग्रीस अडवणारे सील बदला आणि पुढच्या दोन्ही चाकांचे लायनर एकदमच बदला, अन्यथा डाव्या-उजव्या बाजूंची पकड सारखी होणार नाही.

पेडल दाबल्यावरच हवा भराभर जात असेल, तर गळती बहुतेक ब्रेक व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या पुढे, म्हणजे होजमध्ये अथवा बूस्टरच्या डायफ्रॅममध्ये (आतल्या रबरी पडद्यात) आहे. एकाने पेडल दाबून धरावे आणि दुसऱ्याने साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. दाबताक्षणी थोडी हवा उतरणे स्वाभाविक आहे, पण त्यानंतर मिनिटाला ०.२ बारपेक्षा जास्त उतरू नये. रात्रीच्या संथ गळतीसाठी टाकीचा ड्रेन व्हॉल्व्ह आणि सांधे तपासा. मागच्या बूस्टरमध्ये पार्किंग ब्रेकची जबरदस्त स्प्रिंग दाबून बसवलेली असते, ती सुटल्यास जीव जाऊ शकतो. तो भाग जाणकारानेच हाताळावा. हे सर्व होईपर्यंत कृपया भरलेली गाडी घाटात नेऊ नका.