प्रतिसाद: वल्ह्याच्या होडीचा दिवा

रात्री वल्ह्याच्या होडीला दिव्याचं बंधनच नाही, असं या चर्चेत वर कुणी म्हटलंय; ते अर्धंच खरं. समुद्रात टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या नियम २५ प्रमाणे लाल-हिरवे दिवे (डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा) ऐच्छिक आहेत, पण ते नसतील तर पांढरा टॉर्च किंवा पेटता कंदील हाताशी हवाच आणि टक्कर टळेल इतका आधी दाखवायचा. नाशिकच्या गंगापूर धरणाला हा सागरी नियम लागू नाही. तरी तिथे कयाक नेणाऱ्याने टॉर्च लाइफ जॅकेटलाच बांधावा. बॅगेच्या तळाशी असलेला काय कामाचा!

हॉवरक्राफ्टचा, म्हणजे खाली हवा सोडून पाण्यावर अधांतरी चालणाऱ्या वाहनाचा, विषय मात्र चर्चेत कुणी काढला नाही. हवेच्या उशीवर असताना ते वाऱ्याने तिरकं सरकतं. तोंड एकीकडे, वाट दुसरीकडे. लाल-हिरव्यावरून दिशा ताडणारा हमखास फसतो. म्हणून त्याला चहूबाजूंनी दिसणारा जादा पिवळा दिवा, मिनिटाला किमान १२० वेळा लुकलुकणारा.