चर्चा: साथीच्या काळात कर विवरणपत्रे भरून देणाऱ्या कार्यालयाने करदात्याला समोर बसवावे का?

(प्रत्येक नोंदीच्या वर ती लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

खातेवही (विषयाची मांडणी)

कोविड-19 ही महामारी असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्च 2020 रोजी जाहीर केले, तेव्हा अमेरिकेत विवरणपत्रांचा हंगाम ऐन भरात होता. तिथली 15 एप्रिलची मुदत 15 जुलैपर्यंत पुढे गेली. भारतात वैयक्तिक करदात्यांची 31 जुलैची मुदत एकामागून एक वाढत अखेर 10 जानेवारी 2021 पर्यंत पोहोचली. मुदतवाढीने घाई ओसरली, काम मात्र टळले नाही, आणि दुसऱ्यांची विवरणपत्रे भरून देणाऱ्या प्रत्येक कार्यालयापुढे करदात्याला समोर बसवायचे की नाही, हा प्रश्न उभा राहिला. जागतिक आणीबाणी 5 मे 2023 रोजी संपली. पुढची साथ येण्याआधी, कोणी घाबरलेले नसताना, हा प्रश्न धसास लावावा असे मला वाटते.

माझे मत असे की, श्वासावाटे पसरणाऱ्या आजाराची साथ वाढू लागली की दार करदात्यांसाठी बंद करावे आणि आतले काम चालू ठेवावे. आपल्या कामातला धोका काउंटरवर नसून बोलण्यात आहे. करदाता टेबलापलीकडे अर्धा-पाऊण तास बसतो, आपण विचारत जातो, तो सांगत जातो, मध्येच घरी फोन लावून एखाद्या पावतीवरचा आकडा मोठ्या आवाजात विचारून घेतो, आणि तो उठला की त्याच खुर्चीत पुढचा येऊन बसतो. वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट परगण्यात 10 मार्च 2020 रोजी एका गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. हजर असलेल्या 61 जणांपैकी 53 जणांना लागण झाली, त्यांतील काही खात्रीची आणि काही संभाव्य. गाणे आणि बोलणे एक नव्हे, हे मान्य. पण बंद खोली, आवाज आणि वेळ या तिन्ही गोष्टी आपल्याकडेही एकत्र येतात.

त्या वर्षी आपण श्रम कुठे घालवले, तर पेन पुसण्यात आणि फाइली दोन-तीन दिवस बाजूला ठेवण्यात. प्रयोगशाळेत हा विषाणू पुठ्ठ्यावर 24 तास आणि प्लॅस्टिकवर 72 तासांपर्यंत तग धरतो असे दिसले होते, त्यामुळे ती काळजी तेव्हा समजण्यासारखी होती. मात्र एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता साधारणपणे 10,000 मध्ये 1 पेक्षाही कमी असल्याचे सांगितले. तेव्हा कागद दाराबाहेरच्या कुलूपबंद पेटीत घ्यावेत, विचारपूस फोनवर करावी आणि सही डिजिटल घ्यावी, म्हणजे प्रश्न मिटतो.

समोरची खुर्ची

प्रश्न मिटतो तो कार्यालयाचा. करदात्याचा प्रश्न त्याच्या घरी जाऊन बसतो.

दार बंद ठेवायचे ठरवले की ज्याच्याकडे चांगला फोन आहे, घरात स्कॅनर आहे, मदतीला तरुण मुलगी आहे, त्याचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते ज्याच्याकडे यातले काही नाही त्याचे, आणि तोच आपल्याकडे येणारा मुख्य माणूस आहे, कारण ज्याला स्वतःला जमते तो बहुधा आपल्याकडे येतच नाही. मार्च 2020 मध्ये अमेरिकेत ज्येष्ठांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना विनामूल्य विवरणपत्र भरून देणारी असंख्य स्वयंसेवी केंद्रे बंद पडली, आणि सरकारी करदाता मदत केंद्रेही काही काळ बंद राहिली. त्याच महिन्याच्या 27 तारखेला मंजूर झालेल्या कायद्याने पात्र प्रौढांना 1,200 डॉलरपर्यंत मदत द्यायचे ठरवले, आणि ती कोणाला पाठवायची हे मुख्यतः आधीच्या वर्षांच्या विवरणपत्रांवरून पाहिले जाणार होते. म्हणजे ज्या घडीला विवरणपत्राला सर्वाधिक किंमत आली, त्याच घडीला ते भरून देणारी दारे मिटली. ज्यांनी विवरणपत्र कागदावर पाठवले त्यांचे परतावे तर कित्येक महिने रखडले.

दुसरी गोष्ट, जिची नोंद हिशेबाच्या वहीत होत नाही. समोर बसलेल्या माणसाला आपण "आणखी काही उत्पन्न?" असे विचारतो आणि तो "नाही" म्हणतो, पण त्याच्या मांडीवरच्या पिशवीतून एका ठेवीची पावती डोकावत असते. ती पाहून आपण पुढचा प्रश्न विचारतो. फोनवर ती पावती दिसत नाही, आणि नोटीस आली की मग सगळ्यांनाच दिसते.

वातायन

दोन्ही प्रतिसादांत "उघडे की बंद" एवढेच पर्याय आहेत, आणि ज्या गोष्टीवर सगळे अवलंबून आहे, म्हणजे खोलीतील हवा किती वेगाने बदलते, ती बाजूलाच राहिली आहे. ही गोष्ट मोजता येते, म्हणून थोडी सविस्तर लिहितो.

खोलीतील हवा ताशी 5 वेळा बदलत असेल, तर उठून गेलेल्या माणसाच्या श्वासातले तरंगते कण 90 टक्क्यांनी कमी व्हायला सुमारे 28 मिनिटे आणि 99 टक्क्यांनी कमी व्हायला सुमारे 55 मिनिटे लागतात. हवा ताशी एकदाच बदलत असेल, आणि खिडक्या लावून वातानुकूलन चालवणाऱ्या लहान खोलीत तेवढीही ती बदलेल याची खात्री नसते, तर 90 टक्क्यांसाठीच दोन तासांहून अधिक वेळ लागतो. याचा सरळ अर्थ असा की, दर अर्ध्या तासाला एक करदाता बोलावणारे कार्यालय बंद खोलीत असेल, तर दुपारी येणारा माणूस सकाळपासून येऊन गेलेल्या कितीतरी जणांचा श्वास घेत असतो, मग मधल्या वेळेत खुर्ची कितीही पुसा. ताशी किमान 5 वेळा हवा बदलावी हे उद्दिष्ट रोग नियंत्रण केंद्राने मे 2023 मध्ये सांगितले, तोवर साथ ओसरली होती. उशीर झाला तरी पुढच्या वेळेसाठी आकडा हाताशी आहे.

खिडकी उघडता येत नसेल तर गाळणी लावता येते. साधा चौकोनी पंखा आणि त्याभोवती मर्व्ह-13 दर्जाच्या, म्हणजे हवेतले बारीक कण अडवणाऱ्या, गाळण्या चिकटवून तयार होणारी पेटी 2020 पासून कॉर्सी-रोझेन्थल पेटी या नावाने ओळखली जाते, आणि ती घरीच करता येते. सोबत कार्बन डायऑक्साइडचा मापक भिंतीवर टांगावा; हा वायू आपल्या श्वासातून बाहेर पडतो, म्हणून तो खोलीत साचू लागला की हवा पुरेशी बदलत नाही हे कळते. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे 420 असते. खोलीत ते 800 च्या आत राहिले तर ठीक, 1,500 दिसू लागले तर पुढच्या माणसाला बाहेरच थांबवावे. गाळणीने कण कमी होतात, पण हा आकडा खाली येत नाही, एवढे मापक वाचताना लक्षात ठेवावे.

पारदर्शक पडद्याबद्दलही बोलायला हवे. तो शिंतोडे अडवतो, तरंगती हवा त्याला वळसा घालून येते. शिवाय पडद्याआडून ऐकू येत नाही म्हणून करदाता मुखपट्टी हनुवटीखाली ओढतो आणि पडद्याच्या खालच्या फटीपाशी तोंड नेऊन बोलतो. पडदा लावल्याने सावधगिरी कमी झाल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

कुलूपकिल्ली

खातेवही यांच्या योजनेत "विचारपूस फोनवर, सही डिजिटल" ही दोन वाक्ये फार सहज येऊन गेली आहेत. विषाणूपासून वाचलेला करदाता चोराच्या हाती सापडला, तर त्या कार्यालयाला मी सुरक्षित म्हणणार नाही.

दूरस्थ काम सुरू झाल्यावर प्रत्यक्षात काय होते ते पाहावे. करदाता ओळखपत्राचा, बँकेच्या पासबुकाचा आणि पगाराच्या प्रमाणपत्राचा फोटो काढून आपल्या कर्मचाऱ्याच्या खासगी क्रमांकावर पाठवतो. तो फोटो कर्मचाऱ्याच्या फोनच्या गॅलरीत, तिथून त्याच्या क्लाउड खात्यात, आणि घरातल्या मुलाच्या हाती फोन गेला की त्याच्याही नजरेस पडतो. फोटोत अंगठ्याची सावली खाते क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांवर पडलेली असते, म्हणून दुसरा फोटो येतो, मग तिसरा, आणि एकाच माणसाची आर्थिक कुंडली चार ठिकाणी साठते. हंगाम संपल्यावर ती कोणी पुसत नाही. शिवाय कार्यालयाच्या नावाने "आपला परतावा अडकला आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला, तर ज्या करदात्याने आपल्याला कधी पाहिलेच नाही त्याला खरा-खोटा आवाज कसा कळणार?

दूरस्थ कामाला माझा विरोध नाही. पण कागद स्वीकारण्यासाठी कूटबद्ध पोर्टल, प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी, घरून काम करणाऱ्याला कार्यालयाचाच संगणक, आणि "आम्ही फोनवर ओटीपी कधीच विचारत नाही" ही लेखी सूचना एवढे नसेल, तर दार बंद करण्याचा अधिकार त्या कार्यालयाला नाही. दाराबाहेरच्या पेटीबद्दलही तेच. पेटीत पडलेल्या कागदांची पोच करदात्याला लगेच मिळाली नाही, तर हरवलेला मूळ कागद कोणी हरवला, हा वाद महिनोन्महिने चालतो.

खातेवही

कुलूपकिल्ली यांचा मुद्दा मला पटतो, फक्त तो दार उघडे ठेवण्याच्या बाजूने कसा जातो ते समजत नाही. टेबलावर पसरलेले कागद शेजारी बसलेला माणूस वाचतोच की. दोन्ही ठिकाणी शिस्त लागते.

समोरची खुर्ची यांना मी इतकेच विचारीन: ज्या ज्येष्ठ माणसासाठी आपण दार उघडे ठेवू पाहता, आजाराने सर्वाधिक दगावण्याचा धोका त्यालाच नव्हता का? विवरणपत्राला झालेल्या उशिराचे विलंब शुल्क भरता येते.

समोरची खुर्ची

विलंब शुल्क कोण भरणार, हेही सांगावे. आणि आपण दार बंद केले म्हणून तो ज्येष्ठ माणूस घरी बसत नाही. तो कागदांची पिशवी घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथे रांगेत उभा राहतो, अनोळखी पोराकडून ते स्कॅन करून घेतो आणि त्याच्याच मेलवरून आपल्याला पाठवतो. आपल्या खोलीतला धोका आपल्या नजरेआड गेला, कमी झाला नाही. त्यापेक्षा वातायन यांनी सांगितल्याप्रमाणे हवेची सोय करावी, वेळ ठरवून एका वेळी एकालाच बोलवावे, कागद आदल्या दिवशी घेऊन तपासून ठेवावेत, म्हणजे प्रत्यक्ष बैठक उरलेल्या प्रश्नांपुरती, दहा मिनिटांत आटपते.

मागचे टेबल

इतका वेळ चर्चा करदाता आणि मालक यांच्यातच चालली आहे. मी आतल्या खोलीत बसून आकडे भरणाऱ्यांपैकी आहे, म्हणून एक वेगळी बाजू मांडते.

करदाता दहा मिनिटे बसो की चाळीस, तो निघून जातो. आम्ही एकाच खोलीत दिवसभर एकमेकींशेजारी बसतो आणि जेवताना सगळ्यांच्या मुखपट्ट्या एकदमच उतरतात. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात कोणाला कणकण आली तरी ती सांगत नाही, कारण हंगामी कर्मचाऱ्याला आजारपणाची पगारी रजा नसते आणि भरलेल्या विवरणपत्रांवर मोबदला ठरलेला असतो. दारात ताप मोजण्याची बंदूक ठेवली होती, तिचा उपयोग मर्यादितच, कारण कोविडमध्ये लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस इतरांना लागण करू शकतो. ताप असलेली मात्र गोळी घेऊन यायची, म्हणजे बंदुकीपुढे तीही पास.

त्यामुळे दार उघडे असावे की बंद, यावर माझे मत अनुकूल वा प्रतिकूल काहीच नाही. हंगामाच्या सुरुवातीला मालकाने लिहून द्यावे की आजारी पडलेल्या कर्मचाऱ्याची रजा पगारी असेल आणि तिची विवरणपत्रे दुसरीने पुरी केली तरी मोबदला कापला जाणार नाही. दोन गट करून आलटून-पालटून बोलावले, तर एक गट आजारी पडला तरी दुसरा काम पुढे नेतो. जेवणाच्या वेळा वेगळ्या ठेवणे तर फुकटात होते.

खातेवही

पगारी रजेचा खर्च लहान कार्यालयाला झेपेल का, याबद्दल मला शंका आहे. मुदतीच्या आठवड्यात अर्धा गट घरी असेल तर ठरलेली विवरणपत्रे वेळेत जाणार नाहीत आणि त्याचा दंड करदात्याच्या माथी बसेल.

मागचे टेबल

विलंब शुल्क भरता येते, असे आपणच वर लिहिले आहे. ते करदात्याने भरायचे असेल तर चालते आणि कार्यालयाने भरायचे असेल तर परवडत नाही, हा भेद मला मान्य नाही. परवडत नसेल तर त्या आठवड्याला झेपतील तितकीच विवरणपत्रे स्वीकारावीत, आणि उरलेल्यांना मुदतीच्या महिनाभर आधी तसे स्पष्ट कळवावे, म्हणजे त्यांना दुसरीकडे जायला वेळ मिळेल.