मदत हवी आहे: उत्तर वेईने टोळ्या नेमक्या कशा मोडल्या?

मंडळी, चीनच्या उत्तर भागावर राज्य केलेल्या उत्तर वेई (Northern Wei) घराण्यावर एक टिपण लिहितोय आणि एका जागी अडकलोय.

घटनाक्रम जुळलाय. 376 मध्ये तुओबा घराण्याचं जुनं दाई राज्य बुडालं, 383 मध्ये फेई नदीवर ते बुडवणाऱ्या पूर्वकालीन चिनचा (Former Qin) धुव्वा उडाला आणि 386 मध्ये तुओबा गुईने राज्य पुन्हा उभं केलं. 395 ला त्सानहे उतारावर उत्तरकालीन यानची (Later Yan) फौज कापली, 398 ला राजधानी पिंगचेंगला, म्हणजे आजच्या दातोंगला. इथवर ठीक.

प्रश्न पुढचा आहे. गुईने टोळ्या विखुरल्या, सरदारांचा अधिकार काढून लोकांना जमिनीवर बसवलं, असं म्हणतात. ‘वेई शू’ हा वेईचा अधिकृत इतिहासग्रंथ अनुवादातून चाळला, पण तो 554 मधला, म्हणजे दीडशे वर्षांनंतरचा. त्यातलंच एक वाक्य छळतंय: ‘गाओचे’ (Gaoche) नावाचे भटके लोक रांगडे, कामाला जुंपता न येण्याजोगे, म्हणून त्यांच्या टोळ्या तशाच ठेवल्या!

494 चं लुओयांगला स्थलांतर आणि आडनावबदल नकोत, ते माहीत आहे. चिनी वाचता येत नाही, इंग्रजी किंवा मराठी चालेल.

गाओचे खरंच एकमेव अपवाद होते, की टोळ्या मोडणं मुळात पिंगचेंगच्या आसपासच झालं?